बॅटऱ्यांना फौजी शिस्त

तरुणपणी मी एकदा लिथियमच्या बॅटऱ्यांना फौजी शिस्त लावायला गेले होते. आज आजी झाले तरी त्या बाईचा, म्हणजे माझाच, मला संताप येतो. तिच्या खांद्यावरून कॅप्टनचे तीन स्टार उतरले होते, डोक्यातून उतरले नव्हते.

फौजेच्या सिग्नल्स तुकडीतलं पाच वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन संपवून मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी बहारीनला आले. नवरा मनामात अकाउंटंट, राहायला अरादला. मला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात रेडिओ रूमची सुपरवायझर म्हणून नोकरी मिळाली. सकाळी हँडसेट वाटायचे, रेडिओ चेक घ्यायचा, शिफ्ट संपली की सेट परत घेऊन बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. सोपी ड्यूटी.

जुन्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या होत्या. त्यांची खोड मला फौजेपासून माहीत. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्या सुस्तावतात. म्हणून अधूनमधून बल्ब जोडून पार रिकाम्या करायच्या आणि मग सावकाश भरायच्या. माझ्या युनिटमध्ये हे परेडइतकं नेमानं चालायचं.

मग खरेदी विभागानं नवे हँडसेट आणले. बॅटऱ्या लिथियमच्या, त्याही स्वस्तातल्या नकली. चार्जर आणलेच नाहीत. मी विचारायला गेले. खरेदीचे पेडणेकर खुर्चीतून न हलता म्हणाले, "जुन्या चार्जरमध्ये बसतात ना?"

"बसतात."

"दिवा लागतो?"

"लागतो."

"मग खलास! फौजेत होता म्हणता आणि बॅटरीला घाबरता?"

हे वाक्य बरोबर वर्मी लागलं. बॅटरीवर स्पष्ट छापलं होतं: फक्त लिथियमच्या चार्जरवर चार्ज करा. मी माझ्या ऑपरेटरांना सांगितलं, "लेबलं सिव्हिलियन लोकांसाठी असतात." वर हुकूम काढला की याही बॅटऱ्या बल्ब लावून रिकाम्या करायच्या. शहाणी!

उस्मानभाई मुकादम तेव्हा रजेवर श्रीवर्धनला गेले होते. ते यार्डाचे सेफ्टी ऑफिसर. ते असते तर मला दारातच अडवलं असतं. परत आले त्याच दिवशी एका जहाजाच्या टँकमध्ये वेल्डिंग होतं. दोन वेल्डरांना घेऊन ते स्वतः आत उतरले. जाताना माझ्याकडून नवा हँडसेट घेतला. त्यात काय भरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण कळत नव्हतं.

दुपारी सव्वादोन. माझ्या पाठीमागे टेबलावर फुसफुस ऐकू आली. चार्जरमधली एक बॅटरी पावासारखी फुगली होती. बघता बघता ती फाटली, पांढरा धूर सुटला आणि धुरातून ज्वाळा निघाली. शेजारची बॅटरी पेटली. मी आग विझवायचा गॅसचा सिलिंडर मारला. ज्वाळा बसली, पुन्हा उठली. चार्जरचा प्लग टेबलामागे, आगीच्या पलीकडे. आता मेन स्विच पाडणं एवढंच उरलं होतं.

आणि तोच पाडता येत नव्हता. टँकमध्ये हवा ढकलणारा पंखा त्याच बोर्डावर होता. मेन बंद म्हणजे आतल्या तिघांची हवा बंद.

"टँक टू, बेस. सगळे बाहेर या. ओव्हर."

"बेस, टँक टू. काम अर्धं आहे. कारण काय? ओव्हर."

"बाहेर या. आत्ता. ओव्हर."

उत्तराऐवजी दोन बीप आले. मग काहीच नाही. माझ्या शिस्तीतली बॅटरी त्यांच्या हातात मेली होती.

टँकचं तोंड दिसेल असा ऑपरेटरला मेनपाशी उभा केला. "मी हात वर करेपर्यंत हात लावायचा नाही. वाळू टाकत राहा." आणि धावले. टँकच्या तोंडाशी पंख्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नव्हतं. पडलेला पाना उचलून मी पत्र्यावर तीनदा हाणला, थांबले, पुन्हा तीनदा. पहिला वेल्डर वर आला. दुसरा आला. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. आत वाकून मी जे ओरडले ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

उस्मानभाई सगळ्यात शेवटी आले. वेल्डिंगच्या गॅसच्या नळ्या बंद करून, हाताने पुन्हा तपासून मगच. मी हात वर केला. मेन पडला. पंखा थांबला तेव्हा टँक रिकामी होती. रेडिओ रूमचं छत काळं झालं, माणूस एकही गेला नाही.

पेडणेकरांनी "दुर्दैवी अपघात" असं लिहून पाठवलं. दुर्दैवी कसला! निकेलचा चार्जर त्याच्या सहा सेलांच्या हिशोबानं विजेचा दाब वाढवत नेतो. लिथियमच्या दोन सेलांना आठ पूर्णांक चार व्होल्टवर थांबावंच लागतं. त्या चार्जरला थांबणं माहीत नव्हतं आणि नकली बॅटरीत थांबवणारं सर्किट नव्हतं. त्यात मी बल्ब लावून त्या आधीच आतून जायबंदी केलेल्या. प्लग बसला म्हणजे चार्जर जुळला असं नव्हे. व्होल्ट जुळले पाहिजेत, जात जुळली पाहिजे. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्जिंगला लावायची नाही.

हे सगळं मी परवा जावयाला ऐकवलं. हे महाशय इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी कुठलासा मागून आणलेला चार्जर लावून माझ्या नातवाच्या पाळण्याशेजारी रात्रभर ठेवतात! "आई, पिन बसते हो," म्हणाला. पेडणेकर परत आले, नुसती मिशी काढून. मी बॅटरी स्वतः उचलून बाल्कनीत नेली आणि चार्जर कचऱ्यात टाकला. आता तो माझ्याशी बोलत नाही. बरं आहे. बाळ शांत झोपतं.

फौजेत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. उस्मानभाईंचं नाव कुठंच नाही. पुढे काही वर्षांनी बहारीनमधल्याच सलमानियाच्या इस्पितळात ते हृदयविकाराने गेले. पण माझ्यापुरता मी रोल कॉल घेते तेव्हा त्यांचं नाव पहिलं येतं. आगीच्या त्या दुपारी घामानं निथळत ते जहाजाच्या सावलीत बसले होते. मी समोर अटेन्शनमध्ये उभी राहिले आणि बल्बपासून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तोफ डागणार. त्यांनी अर्धी बाटली पाणी प्यायलं, उरलेली माझ्या हातात दिली आणि म्हणाले,

"कप्तानबाई, तुम्ही फौजेत होता हे मान्य. बॅटरी कधी भरती झाली होती?"