ओवी वाढत का नाही?

अंगणवाडीत वजनकाटा टांगला की मुलं रडायला लागतात आणि मोठी माणसं बोलायला! रत्नागिरीपासून आत, आमच्या वाडीवर मी सेविका आहे. घरी गेले की नवरा विचारतो, "आज कसला धक्का?" सांगितलं नाही तर त्यालाच जेवण जात नाही!

यातले निम्मे धक्के एकाच घरातले. ओवी, तिची आई वैशाली आणि आजी. बाप मुंबईला. ओवी अडीच वर्षांची होत आली, पण दिसते वर्षाच्या पोरीएवढी. उंची हलतच नाही.

*

एकदा ओवीला मोजायच्या फळीवर झोपवलं होतं. आमची मदतनीस नंदा घाईत तिच्या पायांवरून पलीकडे गेली. आजी किंचाळलीच!

"ओलांडलीस गो तिला! वाढ खुंटंल! परत उलटी ये!"

नंदा बिचारी मागच्या पावलांनी परत आली. आजीचा जीव भांड्यात पडला. "आता वाढंल बाय माझी," म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून पोरीच्या तोंडाला लावली.

बाटलीत चहा!

"आजी, चहा?"

"दुधाचा हाय!"

*

घरपोच आहाराची पाकिटं मी स्वतः नेऊन देते. एकदा गेले तर अंगणात कोंबड्या पसरलेल्या, आणि समोर आमचंच पाकीट फोडून टाकलेलं. कोंबड्या अशा गलेलठ्ठ, की बघत राहावं!

मी आजीला म्हटलं, "अहो, हे ओवीचं आहे!"

"तिला नाय आवडत. कोंबड्या बघा कशा खातात! अंडी पन मोठी देतात."

चला, म्हटलं, अंड्यांतून तरी पोरीच्या पोटात जाईल. "मग ती अंडी ओवीला देता ना?"

"छे! मुंबईला धाडतो. तिच्या बापाला!"

मी कपाळावर हात मारला. कोंबड्यांनीही माझ्याकडे बघितलं असेल.

*

ओवीला सारखे जुलाब व्हायचे. पोरीनं जरा बाळसं धरलं की पुन्हा पोट बिघडायचं. मी वैशालीला साबण दिला. भरवण्याआधी हात धुवायचे, हे दहादा बजावलं. नंतर गेले तर ओवी मातीच्या हातांनी भात खात बसलेली.

"वैशाली, साबण कुठाय?"

तिनं हौसेनं बोट दाखवलं. टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात, वेष्टनासकट!

"चांगला वासाचा हाय ना ताई. पावण्यांसाठी ठेवलाय."

*

शिमग्याला बाप आला. येताना ओवीला फ्रॉक घेऊन आला, दोन वर्षांच्या मापाचा. घातला तर जमिनीवर लोळायला लागला. पोर त्यात दिसेचना!

बाप लालबुंद. "दुकानदारानं फसवला! चुकीचं माप दिलंन!"

मी नंदाच्या नातीला उभी केली. ओवीच्याच वयाची. फ्रॉक तिला चपखल बसला.

बाप खाली बसून ओवीचे पाय वितीनं मोजत राहिला. मलाच रडू आलं, खरं सांगते.

*

वैशालीला पुन्हा दिवस गेले. ताटात बघते तर चिमूटभर भात आणि पातळ आमटी! मी ओरडलेच, "दोन जिवांची आहेस, पोटभर खा!"

ती आजीकडे बघून हळूच म्हणाली, "जास्त खाल्लं की मूल मोठं होतं म्हणे. मग सुटायला जड जातं."

ओवीच्या वेळीही हेच केलं होतं? तर हो! जन्मली तेव्हाच पोर मूठभर होती.

*

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी वैशालीला खडसावलं. रोज अंडं, डाळ, मासळी, नाहीतर पोर अशीच राहील. म्हटलं, आता बोलणं बास. डब्यात उकडलेलं अंडं घेऊन भर दुपारी त्यांच्या घरी गेले. आजीनं माझ्यापुढे कोरा चहा ठेवला. मी ओवीला मांडीवर घेतलं, अंड्याचा घास पुढे केला. पोरीनं केवढा आ केला!

आजीनं माझा हात धरला. "नको! सोडलंय!"

"कोणी?"

"आमी सगळ्यांनी. देवाला गाऱ्हाणं घातलंय. ओवी अंगानं भरत नाय तोवर या घरात अंडं नाय, मासळी नाय!"

"कधीपासून?"

"तिचं उष्टावण झालं तेव्हापासून. मी पन तोंडाला लावली नाय हो! बाप तेवढा मुंबईत खातो, त्याला देवानं माफी दिलीय."

ओवीचा आ तसाच. मी वैशालीकडे बघितलं. सातवा महिना लागला होता.

"आणि या पोटातल्याचं काय, आजी?"

आजीनं डोळे मिटून हात जोडले.

"त्याच्यासाठी दूध सोडलंय!"