आत्याबाईंचा अंगठा

जिंतूरच्या आमच्या गल्लीतल्या आत्याबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी पोटाकडे. कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली असं धरून चालायचं आणि त्यांच्याकडे जायचं. त्या चटईवर उताणं झोपवून बेंबीवर अंगठा टेकवत आणि आतला ठोका शोधत. तो बाजूला लागला की तेलाचा हात फिरवून जागेवर आणत. मग म्हणत, "उठ. आता जेव."

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली होती, त्या वर्षांत एकमेकांच्या दारचं पाणी न पिणारे लोक त्याच एका चटईवर पाळीपाळीने झोपत. कुणी आपली ओळख सांगू लागलं की त्या म्हणत, "आडनाव ऱ्हाऊ दे, दुखायलंय कुठं ते सांग."

मी इंग्रजी शाळेतली. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता, पण तसं सांगायचं धाडसही नव्हतं. त्यामुळे माझी बेंबी त्यांनी चारदा बसवली.

मग त्यांचंच पोट दुखू लागलं. त्यांनी अंगठा टेकवला, बराच वेळ ठेवला आणि तेलाची वाटी तशीच बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी एसटीने औरंगाबादच्या दवाखान्यात गेल्या. परतल्यावर रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या.

"डाक्टर लय भरभर बोलले. तू वाच."

पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती विरत चालल्या होत्या. एकीला फुगा आला होता. आजार दुर्मिळ होता. मी फक्त शेवटची ओळ सांगितली, "ऑपरेशनला मुंबईला जा म्हणतात."

"न्हाई गेले तर?"

मी कागदाची घडी घालत बसले.

"इंग्रजीला एवढा येळ लागतो का गं?"

"फुटेल, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली आणि माझी दोन बोटं आपल्या पोटावर ठेवली. ठोका रुंद होता, बोटांना बाहेर ढकलत होता. "असं लागलं की चोळायचं न्हाई. दवाखान्यात धाडायचं."

सोमवारी मुंबईला निघायचं ठरलं. शनिवारी दुपारी एका बाईची बेंबी बसवून हात धुताना त्या खाली बसल्या. "फुटलं वाटतं," म्हणाल्या. परभणीला नेताना बोरीच्या अलीकडे, जीपमध्येच गेल्या.

चटई आमच्याकडे आली. तिच्यामागे पोट धरून बायकाही आल्या. मला बसवता येत नाही, असं मी प्रत्येकीला सांगते. तरी त्या झोपतात. मी दोन बोटं टेकवते, ठोका नेहमीसारखा आहे ना ते पाहते. असला तर म्हणते, "उठ. आता जेव."