अंगठेसाहेबांची तत्परता

पाणी खात्याच्या तक्रार कक्षातल्या हेडक्लार्कना सगळे अंगठेसाहेब म्हणत, आणि गृहस्थाला त्याचा अभिमान! अंगठा दाखवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडाला पानं पुसणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मोबाइलमध्ये तो पिवळा अंगठा आला आणि बघता बघता त्याचं पुण्यकर्म झालं.

'मीटर उलटा फिरतोय', 'नळाला गढूळ पाणी', 'चक्कर येतेय, घरी जाऊ का?' सगळ्याला तीन सेकंदांत अंगठा. वाचायची भानगडच नाही. "काम तुंबू द्यायचं नाही," असं ते नव्या लोकांना बजावत. गावाची गटारं तुंबलेलीच, साहेबांचा फोन मात्र लख्ख.

साहेबांची धाकटी बहीण नऊ वर्षं एकटीच आईला सांभाळत होती. एका मंगळवारी तिने लिहिलं, 'दादा, माझी पाठ पार गेलीय. आईला उचलवत नाही. वृद्धाश्रमात जागा मिळतेय, पण आई रडतेय. नेऊ का? तू नको म्हणालास तर मी रेटते कशीबशी.'

साहेब अर्जांवर शिक्के मारत होते. उजव्या हाताने शिक्का, डाव्याने अंगठा. अहो, जन्मदात्या आईचा प्रश्न होता तो!

रविवारी नेहमीसारखे बहिणीकडे जेवायला गेले, तर आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

"आई कुठंय?"

"आश्रमात. तूच तर हो म्हणालास," बहिणीने फोन पुढे केला.

"अगं, मी वाचलं कुठे होतं!" साहेब बोलून गेले.

बहिणीने फोन मागे घेतला. मग म्हणाली, "सकाळी आईने फोनवर काहीतरी विचारलंय. पाठवते. आता तरी वाच."

साहेबांच्या हातातला फोन वाजला. 'आई विचारतेय, दादाकडे येऊ का राहायला? पिशवी भरून बसलीय.'

साहेबांनी निरोप वाचला. पुन्हा वाचला. आपल्या घरातली मागची खोली आठवली, तिच्यात परवाच बसवलेला मोठा टीव्ही आठवला. अंगठा काचेवर तसाच अधांतरी राहिला. बहीण समोर उभी होती.

तेवढ्यात ऑफिसचा निरोप आला. उद्या टाकी धुणार, नळाला पाणी नाही.

त्याला साहेबांनी लगेच अंगठा दिला.