घाटेअळीपासून तारण

माझे यजमान चर्चचे पाळक आहेत, आणि त्यांना कोणालाही नाही म्हणता येत नाही. पाण्याचा फिल्टर विकणारा माणूस दारात आला तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला आणि फिल्टर घेतला. पुढच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या रंगाचा फिल्टर घेऊन आला, तर तोही घेतला. मी विचारलं, तर म्हणाले, "इतक्या उन्हात आला होता बिचारा." अशा माणसाच्या हातात चर्चची मंडळी असली की दाराकडे लक्ष बायकोलाच ठेवावं लागतं. पण त्या वर्षीच्या नाताळात माझंही लक्ष चुकलं, कारण आलेला माणूस बाहेरचा नव्हता. आमच्याच मंडळीतला होता.

आम्ही तेव्हा मारेगाव तालुक्यातल्या एका गावी होतो. चर्च लहान, पत्र्याचं. एरवी सगळे आरामात मावायचे, पण नाताळला लेकी-जावई, पाहुणे आले की बाहेर मांडव घालावा लागायचा. मंडळीतल्या एका भाऊंचं बस स्टँडजवळ कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माणूस मनानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. डिसेंबर लागला तसा एके दिवशी तो घरी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

"साहेब, यंदा तुमी फकत उपासना करा. मांडव, साउंड, खुर्च्या, सगळं कंपनी करून राह्यली. मी बोललो त्यायच्याशी."

"आणि कंपनीला काय पाहिजे?" मी विचारलं.

"काई नाई, बाई. एक लहानसं बॅनर. कोपऱ्यात."

यजमान माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "कोपऱ्यात असेल तर काय हरकत आहे?"

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी सजावट बघायला मांडवात गेले, तेव्हा तो कोपरा मला दिसला. वेदीच्या मागची अख्खी कनात म्हणजे तो कोपरा होता. बॅनरच्या डाव्या बाजूला गव्हाणीत निजलेलं बाळ. उजव्या बाजूला हरभऱ्याच्या घाट्यावर एक हिरवी अळी, उताणी पडलेली, बाळाच्या दुप्पट मोठी. दोघं एकमेकांकडे बघत होते. आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: "घाटेअळीपासून तारण! नाताळच्या हार्दिक शुभेच्छा."

बॅनरच्या दोऱ्या आवळत कंपनीचा माणूस उभा होता. नागपूरचा, तरुण, शर्टाच्या खिशावर कंपनीचा शिक्का. मला बघून खुश झाला. "मॅडम, तारण शब्द खास तुमच्यासाठी टाकला. इतर ठिकाणी आम्ही संरक्षण लिहितो."

मी घरी जाऊन यजमानांना ओढत आणलं. त्यांनी चष्मा पुसला, बॅनर वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, "व्याकरणाची चूक तर काही नाही."

"अहो!"

"काढायला सांगू का? पण बघ ना, सकाळपासून बांधतोय गं तो. जेवलासुद्धा नाही."

मग मी घरातली पांढरी डबल बेडची चादर आणली आणि मांडववाल्याच्या शिडीवर चढून अळीवर टांगली. कंपनीच्या माणसानं आधी हात जोडले, मग भाऊंना फोन लावला. भाऊंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं चादरीला हात लावला नाही. "तारण" हा शब्द मात्र चादरीच्या वर तसाच राहिला. तिथपर्यंत माझा हात पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान पांढरा झगा घालून बाहेर गेले आणि धावत आत आले. त्यांना धावताना मी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"मांडव भरलाय! लोक उभे आहेत! मुकुटबनकडून जीप भरून लोक आलेत!"

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? उपासनेसाठी!" त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही क्षणभर खरं वाटलं. बाहेर आले तर खरंच, शेतकरी माणसं, धोतरातली, पँटीतली, काही बायका लेकरं कडेवर घेऊन. कोणी हिंदू, कोणी बौद्ध, सगळी नीट अदबीनं बसलेली. चपला बाहेर रांगेत काढलेल्या. आमच्या मंडळीनं इतक्या वर्षांत चपला कधी रांगेत काढल्या नव्हत्या. आणि प्रत्येकाच्या हातात एक गुलाबी कूपन.

एका म्हाताऱ्या बाबांनी मला थांबवलं. "बाई, सोडत कव्हा हाय जी?"

"कसली सोडत?"

त्यांनी कूपन दाखवलं. नाताळच्या सकाळी चर्चच्या मांडवात लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस बॅटरीवरचा फवारणी पंप. भाऊंनी ही कूपनं आठवडी बाजारात वाटली होती. मी कूपन झटकन परत दिलं. बाबांना वाटलं, मला राग आला. म्हणून ते विषय बदलून बॅनरकडे बोट दाखवत म्हणाले, "हे तारण म्हंजे काय जी? सातबारा ठेवा लागते का?"

"नाही हो बाबा, ते बँकेतलं तारण. हे देवाकडचं. ह्याला काही ठेवावं लागत नाही. हे फुकट असतं."

बाबांनी थोडा विचार केला. "फुकट? मंग कंपनीचं नसन."

उपासना सुरू झाली. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. वारा होता. प्रार्थनेच्या मधोमध चादर फुगली आणि अळीनं डोकं बाहेर काढलं. पुढच्या रांगेतली संडे स्कूलची लेकरं खिदळली. यजमानांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, म्हणून त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. अळी पुन्हा डोकावली.

प्रवचनाआधी बायबलवाचन असतं. त्या दिवशी वाचन भाऊंकडे होतं. भाऊ उठले, माइकजवळ गेले, आणि त्यांनी माइक कंपनीच्या माणसाच्या हातात दिला.

"बंधू-भगिनींनो! प्रभू येशूच्या जन्मदिनाचं औचित्य साधून आमची कंपनी आपल्यासाठी घेऊन आली आहे—"

मी गायकमंडळात पहिल्या रांगेत बसते. त्या वेळी माझ्या मनात कसलाही डाव नव्हता, शप्पथ. मी फक्त उभी राहिले आणि गायला लागले. नाताळचं नेहमीचं गीत, सगळ्यांना पाठ असलेलं. शेजारच्या बायकांना वाटलं, पाळकीणबाई उठल्या म्हणजे कार्यक्रमात आहे, म्हणून त्याही उठल्या. ढोलकीवर आमचे शाळामास्तर होते, त्यांनी ठेका धरला. कंपनीचा माणूस हसला, हात जोडून बाजूला थांबला.

कडवं संपलं. त्यानं माइक तोंडाशी नेला. "तर घाटेअळीचा प्रादुर्भाव—"

मी दुसरं कडवं घेतलं.

दुसरं संपलं, तिसरं घेतलं. त्या गीताला जितकी कडवी आहेत तितकी म्हटली, मग ध्रुवपद म्हटलं, मग पुन्हा पहिल्यापासून. एव्हाना मंडळीला कळलं होतं काय चाललंय. एरवी गीताला तोंड न उघडणारे चर्चच्या कारभारातले वडीलधारेही गळ्याच्या शिरा ताणून गात होते. पाहुण्या शेतकऱ्यांना वाटलं, इथं असंच असतं. भजनाची सवय असलेली माणसं ती. त्यांनी टाळ्यांचा ताल असा धरला की मास्तरांची ढोलकी मागे पडली. सातबारावाले बाबा डोळे मिटून डोलत होते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी कंपनीचा माणूस तोंड उघडायचा आणि आम्ही त्याच्या आधी उघडायचो. शेवटी त्यानं माइक खाली ठेवला, खुर्ची ओढली, बसला, आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. दुसरं काय करणार?

माझा घसा बसला तेव्हा गीत थांबलं. यजमान उठले. मला भीती वाटली, आता हे माफी मागतील. कोणाची मागतील ते सांगता आलं नसतं, पण मागतील खास.

ते माइकजवळ गेले नाहीत. तसेच लोकांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "भावांनो, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. पण सोडत इथं होणार नाही. नंतर भाऊंच्या दुकानात होईल. इथं जे मिळतं ते सगळ्यांना सारखं मिळतं. त्याला चिठ्ठी काढावी लागत नाही."

मागून कोणीतरी विचारलं, "काय भेटते जी?"

यजमानांनी चष्मा वर सरकवला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "आधी देवाचं वचन. मग पुरी-भाजी."

मांडव हसला. काही लोक उठून दुकानाकडे गेले, त्यांचा मला मुळीच राग नाही, पंप कामाचा असतो. पण बरेच जण बसून राहिले, आणि यजमानांनी त्या दिवशी साधं, छोटं, सुंदर प्रवचन केलं. मी मात्र अर्धं ऐकलं, कारण मी पुऱ्यांचा हिशेब मनात जुळवत होते आणि तो जुळत नव्हता. नंतर आम्ही बायकांनी आलू-वांग्याच्या भाजीत पाणी घातलं, मग आणखी घातलं. बुंदी चमच्यानं वाढली. कोणी उपाशी गेलं नाही. कंपनीच्या माणसानं तीनदा भाजी घेतली. त्याला कंपनीच्या साहेबांना फोटो पाठवायचे होते आणि प्रत्येक फोटोत माझी चादर होती. "मॅडम," जाताना तो म्हणाला, "तुमचा दम लय आहे."

भाऊ न जेवता गेले. पुढचे दोन-तीन रविवार त्यांची जागा रिकामी राहिली. यजमान रोज म्हणायचे, जाऊन येतो, आणि मी रोज म्हणायचे, थांबा. एका संध्याकाळी भाऊच आले. या वेळी आधी बसले आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

"बाई, मले वाटलं मी देवाचं काम करून राह्यलो," ते म्हणाले. "तुमी सगळ्यायच्या समोर माझं नाक कापलं."

ते खरं होतं, आणि मला वाईट वाटलं. मी तसं सांगितलं. चहा ठेवला. मग म्हटलं, "भाऊ, तुम्हाला द्यायचंय ना? द्या की. बोर्ड न लावता द्या."

"थे त ठीक हाय." त्यांनी कप हातात फिरवला. "पन मंग लोकायले कळन कसं?"

"कळणारच नाही."

"कोनालेच नाई?"

"कोणालाच नाही."

भाऊ छताकडे बघत राहिले. "जड हाय, बाई," ते म्हणाले. आणि यजमान, ज्यांना नाही म्हणता येत नाही, ते मान हलवून म्हणाले, "हो. जड आहे."

एप्रिलमध्ये ऊन पेटलं तेव्हा एका रविवारी सकाळी चर्चच्या दोन खिडक्यांना दोन नवे कूलर लागलेले दिसले. नाव नाही, पाटी नाही, काही नाही. यजमानांनी अनाम दात्यासाठी प्रार्थना केली आणि भाऊ मान खाली घालून बसले होते, अगदी गंभीर. उपासनेनंतर शाळामास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कूलर भाऊनं देल्ले. कोणाले सांगू नका, मले एकट्यालेच सांगितलं त्यानं." मग एक मावशी आल्या, त्यांनाही एकटीलाच सांगितलं होतं. दुपारपर्यंत अख्ख्या मंडळीला एकेकट्याला सांगून झालं होतं, आणि सगळ्यांनी ते गुपित अगदी मनापासून पाळलं.