उघडा म्हंजे?

सय्यद वकील माझ्याशी पहिल्यांदा बोलले तो एकच शब्द होता, "म्हंजे?" ह्यांनी "ही घरची" एवढंच सांगितलं होतं. परक्या पुरुषासमोर मी तेव्हा तोंडच उघडत नव्हते. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि पुन्हा तेवढंच विचारलं, "म्हंजे?"

हा त्यांचा नेहमीचा शब्द. बीडच्या कोर्टात त्यांच्यामागे त्यांना 'म्हंजे वकील' म्हणत. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, वकिलीही त्यांनी त्याच भाषेत सुरू केलेली. पुढे कागद मराठीत आले. बोलण्यातली मराठी त्यांना आपल्यासारखीच येत होती, पण लिहिलेल्या मराठीवर त्यांचा भरवसा नव्हता. मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसा ते प्रत्येक शब्द वाजवून बघायचे. कुणी 'भांडण झालं' म्हणालं की ते विचारायचे, "भांडण म्हंजे? तोंडाचं का हाताचं?" कुणी 'शेजारी' म्हणालं की, "शेजारी म्हंजे? भिंतीला भिंत का बांधाला बांध?" लोक हसायचे. "हसू द्या," ते म्हणायचे. "मला दोन भाषा अर्ध्या अर्ध्या येतात. त्याच्यामुळं चूकबी अर्धीच हुते."

आम्ही त्यांच्या दारात गेलो ते बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव चौसाळ्यापासून आत. गावच्या सोसायटीच्या गोदामात आमचे मालक तोलाई करायचे. त्या वर्षी रेशनला मिलो येत होती, ती परदेशातली लाल ज्वारी. पोती उतरवून, झाडून, तोलून संध्याकाळपर्यंत ह्यांचं अंग भुशानं भरायचं आणि खाजवून खाजवून लाल व्हायचं. विहिरी आटलेल्या होत्या. पाणी होतं ते फक्त गोदामाच्या आवारातल्या हापशाला, तेही थांबून थांबून येणारं. बायकांची रांग सरत आली की हे एक बादली भरून घ्यायचे आणि गोदामामागच्या फरशीवर पंचा लावून अंगावर ओतायचे. अंगावरून उतरलेलं पाणी घमेल्यात धरायचे. ते मी चूल सारवायला न्यायचे.

सोसायटीच्या अध्यक्षांना तोलाईची जागा आपल्या मेहुण्याला द्यायची होती. पण ह्यांना काढायला काही कारण सापडत नव्हतं. एके दिवशी ते आवारात आले आणि घागर घेऊन निघालेल्या गयामावशीला त्यांनी विचारलं, तोलाईवाला कुठाय. गयामावशी आमची शेजारीण, भिंतीला भिंत. ती म्हणाली, "त्यो काय, मागं उघडा हुबा हाय."

एवढंच. पण अध्यक्षांनी तो शब्द धरला. चार माणसं बरोबर घेतली आणि चौकीत तक्रार दिली, की हापशावर येणाऱ्या बायांसमोर सोसायटीचा नोकर उघडा होतो. जमादाराला 'उघडा' हा शब्द कागदासाठी हलका वाटला असेल. त्यानं 'नग्नावस्थेत' असं लिहिलं आणि गयामावशीचा अंगठा घेतला. तिला वाटलं, अंगठा रेशनसाठी घेतायत.

ह्यांना कामावरून थांबवलं आणि खटला उभा राहिला. शिक्षा झाली तर जागा कायमची जाणार होती. दुष्काळात दुसरी जागा म्हणजे खडी फोडायचं काम, ते मी करतच होते. पण जागेचं आम्ही कमीच बोलायचो. आळ असा होता की घरातही तो तोंडानं उच्चारता येत नव्हता. चोरीचा आळ आला तर माणूस 'मी घेतलं नाही' एवढं म्हणून गप्प बसू शकतो. इथं सुटायचं तर भर कोर्टात कमरेला काय होतं ते बोलणं भाग होतं. न बोलावं तर शिक्षा.

हे हापशाजवळून निघाले की बाया पदर ओढून पाठ फिरवायच्या. मग हे तिकडून जाईनासे झाले. मी पाण्याला भर दुपारी जायचे, तेव्हा रांग नसायची, पण पाणीही नसायचं. घरात अंघोळीला जागा नव्हती. हे सदरा अंगात ठेवूनच आतून ओलं फडकं फिरवायचे. खाज तशीच राहायची. भिंतीपलीकडे गयामावशी खोकली की आम्ही दोघं गप्प व्हायचो. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारायला वकीलसाहेबांनी बंदी केली होती. ते म्हणाले होते, "ती त्यांची साक्षीदार हाय. तुमच्यापैकी कुणी तिच्या उंबऱ्यावर गेलं, तर उद्या म्हणतील पढवली. मीबी जानार न्हाई. जे इचारायचं ते कोर्टात."

तारखांवर तारखा पडत होत्या. प्रत्येक तारखेला चौसाळ्यापर्यंत चालत जायचं, तिथून एसटीनं बीडला, आणि दिवसभर व्हरांड्यात बसून परत यायचं. गावातली समजदार माणसं सांगायची, की कबूल करून टाक, थोडा दंड होईल, मोकळा होशील. एका तारखेला हे अगदी टेकीला आले आणि वकीलसाहेबांना म्हणाले, मी कबूल करतो. मला आता हे ऐकवत नाही.

वकीलसाहेब चिडले नाहीत. ह्यांना त्यांनी बाकावर बसवलं. "कबूल केलंस तर आज दुपारच्या गाडीनं घरी जाशील," ते म्हणाले. "पन कागदावर जन्मभर नागडा ऱ्हाशील. कागदाला कोन सदरा घालनार, बाबा?"

परत येताना एसटीत ह्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ते एरवी उघडंच असायचं.

पुढच्या खेपेला वकीलसाहेबांनी मला समोर बसवलं. गयाबाई घरी कशी बोलते, ते त्यांना हवं होतं. तिचे शब्द, माझे नाहीत. मी खाली बघत बसले. ह्यांनी दोनदा खुणावलं तेव्हा मी हळूच म्हणाले, "ती मला म्हनायची, उघडी कावून बसलीस गं?"

"म्हंजे?"

आता पुढं कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी मी डोक्यावरचा पदर थोडा मागं सरकवला आणि लगेच पुढं ओढून घेतला. वकीलसाहेबांनी त्याच क्षणी मान खिडकीकडे फिरवली. तसेच तिकडे बघत म्हणाले, "बस, बेटी. समजलं मला." मग त्यांनी आपली टोपी काढली, हातात धरली आणि तिच्याकडेच बराच वेळ बघत राहिले.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होते. सरकारी वकिलांनी गयामावशीला विचारलं, आरोपी कोणत्या अवस्थेत होता. तिला अवस्था कळली नाही. त्यांनी सोपं करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उघडा हुता." ते समाधानानं खाली बसले. ह्यांची मान खाली गेली.

सय्यद वकील उठले. उठता उठता त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मावशी, माझ्याकडं बगा. आता मी कसा हाय?"

मावशीनं त्यांना वरून खाली न्याहाळलं. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी. "उघडे हायात की," ती म्हणाली.

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला.

"उघडा म्हंजे?"

"म्हंजे डोईवर काय न्हाई. चांगल्या मानसानं चारचौघांत असं हुबं ऱ्हाऊ ने."

"आन त्या दिवशी ह्यो मानूस?"

तेव्हा मला दिसलं की वकीलसाहेबांचा हात टेबलावरच्या टोपीवर होता आणि टोपी मुठीत चुरगळली होती. मावशी काय म्हणेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. एका शब्दानं सगळं बुडालं असतं.

"त्यो बी उघडाच. डोईला काय न्हाई, अंगात सदरा न्हाई."

"कमरंला?"

"पंचा हुता. वला."

"नागडा हुता का?"

मावशी एकदम तापली. "कोन म्हनलं नागडा? माझ्या लेकावानी हाय त्यो. तसला असता तर मी तितंच घागर टाकून बोंब मारली नसती का?"

पुढच्या तारखेला निकाल लागला. ह्यांना संशयाचा फायदा देऊन सोडलं, असं वाचून दाखवलं. बाहेर लिंबाखाली आलो तेव्हा वकीलसाहेब खुशीत होते. हे मात्र तसेच उभे होते. मग हे म्हणाले, "साहेब, संशय म्हंजे?"

त्यांचाच शब्द त्यांना कुणी असा विचारलेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "संशय त्यांच्या बोलन्यावर हाय, बाबा. तुझ्यावर न्हाई."

"हे गावाला कोन सांगनार?"

वकीलसाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. "कोर्टातून सोडवनं माझ्या हातात हुतं," ते म्हणाले. "गावाच्या तोंडातून सोडवनं न्हाई." ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल जास्तच आदर आहे.

झालंही तसंच. सोसायटीला ह्यांना परत घ्यावं लागलं, पण अध्यक्ष चावडीवर सांगत फिरले, की संशयावर सुटलाय, काहीतरी असेल म्हणूनच संशय आला. पोरं ह्यांना 'उघड्या' म्हणू लागली. ती पोरं मोठी झाली तरी नाव राहिलं. गयामावशी मात्र पहिल्यासारखी विस्तव मागायला येऊ लागली. खटला कशाचा होता ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. रेशनच्या अंगठ्याची काहीतरी गडबड होती, असंच ती सांगायची.

ह्यांच्या अंगातला सदरा त्यानंतर कधी निघाला नाही. वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. झोपताना तसंच. पुढं पाऊस आला, विहिरी भरल्या, गडी माणसं विहिरीवर पोहायला लागली, पण हे तिकडे फिरकले नाहीत. हे कुणाच्या मातीलाही जात नसत. आमच्याकडे मातीवरून आलं की घरात शिरायच्या आधी दारातच अंघोळ करावी लागते. हे दुसऱ्या दिवशी जाऊन नुसते बसून यायचे. लोक त्याचंही बोलायचे.

वकीलसाहेब कधी जमिनीच्या कामानं आमच्या बाजूला आले की चहाला थांबायचे. खाटेवर बसले की टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि ह्यांना म्हणायचे, "मी आता उघडा बसलोय बे. जा, अध्यक्षाला खबर दे." हे हसायचे. ह्यांचं हसू त्या घरात तेवढ्यापुरतंच होतं, म्हणून मी चहाला मुद्दाम उशीर लावायचे. मी चहा ठेवला की ते म्हणायचे, "बेटी, आज तरी काय बोल." मी म्हणायचे, "घ्या." ते म्हणायचे, "घ्या म्हंजे? चहा का निरोप?" शेवटच्या वेळी आले तेव्हा ते फार खंगलेले होते. उकडत होतं. ह्यांच्या गळ्याकडे बघून ते हळू म्हणाले, "निकाल लागून किती वर्सं झाली रे. अजून कोनाला दाखवायला बटनं लावतोस?" ह्यांनी वरचं एक बटण काढलं. ते गेल्यावर परत लावलं.

काही महिन्यांनी चौसाळ्याहून आलेल्या माणसानं सांगितलं, सय्यद वकील गेले. हे तसेच उठले, डोक्याला पटका बांधला आणि बीडला गेले. कबरस्तानात माती देऊन परत आले तेव्हा दिवस कलला होता. किटल्या घेऊन माणसं दूध सोसायटीकडे निघाली होती, रस्ता भरलेला होता. मला वाटलं, आता हे मागच्या बाजूनं येतील.

हे दारातल्या दगडावर येऊन बसले. पटका सोडून माझ्याकडे दिला. मग गळ्यापासून एकेक बटण काढत सदरा उतरवला आणि तोही दिला. पंचा लावला. म्हणाले, पाणी आण. मी बादली आणून ठेवली. ह्यांनी तांब्या भरून डोक्यावर ओतला. इतक्या वर्षांत ऊन न लागलेली ह्यांची पाठ पांढरीफटक दिसत होती. जाणारी माणसं बघत होती. हे कुणाकडे बघत नव्हते.

तेवढ्यात काठी टेकत गयामावशी आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. आमच्या दारासमोर थांबून तिनं डोळ्यावर हात धरला.

"उघडा कावून बसलास रं?" ती म्हणाली. "गार वारं सुटलंय."

"असू दे, मावशी," हे म्हणाले आणि त्यांनी दुसरा तांब्या ओतला.

मी कोरडा सदरा हातात घेऊन दारात उभी होते. पाणी संपलं तरी त्यांनी तो मागितला नाही.