लाईट आल्याचं कळावं म्हणून

आमच्या दुकानात लाईट आल्याची बातमी कटर द्यायचा.

कळंबमध्ये रस्त्याकडेला पप्पांचं फर्निचरचं दुकान आहे आणि दुकानामागं आमचं घर. फळ्या कापायला पप्पांनी हातात धरायचा साधा कटर एका टेबलाखाली उलटा आवळून बसवला आहे. टेबलाला पाडलेल्या फटीतून त्याचं पातं अर्धं वर येतं. त्याचं बटण दाबून, वरून चिकटपट्टी गुंडाळून कायमचं पक्कं केलेलं. पात्यावरचं झाकण पहिल्याच दिवशी निघालं, कारण त्यामुळं पप्पांचं बोट पात्याजवळ पोचत नव्हतं. झाकण बनवणाऱ्याचा हेतूही तोच असावा, अशी मला शंका आली, पण मी ती मनात ठेवली. मी बहुतेक गोष्टी मनात ठेवते, त्यामुळं नातेवाइकांत माझं नाव फार चांगलं आहे.

कटर चालू-बंद व्हायचा तो भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणानं. लाईट गेली की हे बटण बंद करायचं नाही, हा दुकानाचा नियम होता. पप्पा चहाला गेलेले असले आणि लाईट आली, तर कटर आपोआप किंचाळायला लागायचा. मग ते अर्धा कप तसाच ठेवून यायचे. बल्बनं हे काम झालं नसतं, कारण बल्ब ओरडत नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून कटरच्या डब्यातली पुस्तिका वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडं आलं होतं. वीज गेल्यास यंत्र आधी बंद करावं, असं मी मराठी करून सांगितलं.

"त्यांच्याकडं लाईट जातच न्हाय," पप्पा म्हणाले. "म्हणून त्यांना असलं सुचतं."

माझ्या शिक्षणाचा दुकानाला झालेला उपयोग तिथं संपला.

गेल्या उन्हाळ्यात तेर गावचे एक गिऱ्हाईक चौकटीसाठी येऊन बसले होते. त्यांची वास्तुशांती तोंडावर आली होती आणि घराला दार नव्हतं. पप्पा फळी कापत असतानाच लाईट गेली. लाकडाची एक ढलपी पातं आणि टेबल यांच्यामधल्या फटीत अडकून बसली. पप्पांनी फळी बाजूला ठेवली, फटीत दोन बोटं घातली आणि निवांतपणे ढलपी उकरायला लागले.

"पप्पा, बटण," मी म्हणाले. माझा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही.

बोर्डापर्यंत जायचं तर अनोळखी माणसासमोरून जावं लागणार होतं. माझ्यासाठी हे काम पात्यात हात घालण्याच्या जवळपासचंच. तरी गेले, बटण बंद केलं आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. कुणी विचारलं नाही. शांत मुलींचा एवढा फायदा असतो.

थोड्या वेळानं शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली.

"मिस्तरी, लाईट आली की," गिऱ्हाईक म्हणाले.

पप्पांनी कटरचा कानोसा घेतला. बोटं फटीतच. "न्हाय. आली असती तर हा बोलला असता."

"गिरणी चालू झाली ना पण."

"त्यांचा फेज येगळा हाय. आपली मशीन खोटं सांगत न्हाय."

इथं मी बोलायला हवं होतं, आणि माझी तयारी चाललीही होती. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवते, मग त्याचं मराठी करते, आणि तोवर लोकांचा विषय बदललेला असतो. गिऱ्हाईक तेवढं थांबले नाहीत. "बटण ढिलं झालं आसंल, खालीवर करून बघतो," म्हणत ते उठले आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी बोर्डाकडं हात लांबवला.

"डोन्ट टच इट," मी ओरडले. भाषांतराला वेळ नव्हता. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही मान वळवली.

गिऱ्हाइकाचा हात हवेतच राहिला. "ही बोलती व्हय?" त्यांनी पप्पांना विचारलं.

पप्पांनी बोटं बाहेर काढली. भीतीनं नाही, रागानं.

"लाईट आलीय पप्पा. बटण मी बंद केलंय."

"म्हंजे लाईट असून आमी हातावर हात ठिवून बसलो?"

"तुमचा हात आत होता."

"मग लागलं का काही?"

"नाही."

"मग?"

बोट तुटलं असतं तर मी बरोबर ठरले असते. ते शाबूत राहिलं, म्हणून मी कामाचा खोळंबा करणारी पोरगी ठरले. तेच बोट माझ्यावर रोखून पप्पा बराच वेळ बोलले. मी ते नखापासून मुळापर्यंत नीट पाहून घेतलं.

आता लाईट आल्याचं गिरणी सांगते. लाईट गेली रे गेली की पप्पा हातातलं काम टाकून बोर्डाकडं धावतात आणि बटण स्वतः बंद करतात. "तू हात लावू नको, मी करतो," असं बजावतात. सुरक्षेचा इथं काही संबंध नाही. दुकानाच्या बटणाला आपल्याआधी पोरीचा हात लागू नये, एवढंच. कधी ते विसरून तसेच पात्यापाशी वाकतात. तेव्हा मी उगाच जागेवरून उठते आणि बोर्डाच्या दिशेनं चालायला लागते, अगदी सावकाश, म्हणजे ते माझ्याआधी पोचतात.