इनक्युबेटरमधलं विरजण

हे मी शैलालासुद्धा सांगितलेलं नाही. शैला म्हणजे माझी बायको — लॅबमध्ये कोण कुणावर ओरडलं, इथपासून सगळं जिला मी घरी येऊन सांगायचो. हे मात्र नाही. मग आज तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही. सुनंदाताईंबद्दल भरभरून बोलावंसं वाटतं आणि बोलायला लागलो की वाटेत मी स्वतःच आडवा येतो, एवढंच कळतं.

ऐंशीचं दशक. शिकागोतल्या एका लॅबमध्ये आम्ही दोघंच मराठी होतो. मी पुण्याचा, त्या नागपूरच्या. बौद्ध वस्तीत वाढलेल्या, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजचं तोंड पाहिलेल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. आम्ही फुप्फुसाच्या कॅन्सरवर काम करत होतो. गाठ स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून कशा घेते आणि मग अंगभर पसरते कशी, हा आमचा प्रश्न.

तुम्ही कधी अंड्याला खिडकी पाडलेली पाहिली आहे? उबवणीचं अंडं घ्यायचं, कवचाचा छोटा चौकोन अलगद काढायचा, आतल्या पातळ पडद्यावर उंदराच्या गाठीचा कण ठेवायचा आणि खिडकी बंद करून अंडं उबेत ठेवायचं. काही दिवसांनी उघडून बघाल तर चारी बाजूंनी लालबुंद धागे त्या कणाकडे धावत आलेले! माझ्या हातून निम्मी अंडी फुटायची. ताईंच्या हातून एक फुटलेलं मला आठवत नाही. त्या काम करताना मी उगाच पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन उभा राहायचो. असे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

आणि डोकं? ते तर हातांहून वरचढ. रक्तवाहिनीच्या भिंतीखाली एक चिवट अस्तर असतं. ताईंचं म्हणणं असं, की गाठीतून एक एन्झाइम झिरपतं आणि ते हे अस्तर कुरतडतं. अस्तर मोकळं झालं की वाहिनीला गाठीकडे फांदी फुटते आणि त्याच भगदाडातून कॅन्सरच्या पेशी रक्तात शिरतात. ‘‘कुंपण मोडलं की ढोरं आत बी येतात अन् बाहेर बी जातात,’’ असं त्या मला म्हणाल्या होत्या. बॉसला हे पटत नव्हतं. त्याच्या मते एन्झाइम हा नुसता सडक्या मांसाचा कचरा. मग ताईंनी त्या एन्झाइमला अडवणारं औषध मिळवलं. वरच्या ट्रेमध्ये साधी अंडी, खालच्या ट्रेमध्ये औषध घातलेली. खालच्या ट्रेमध्ये वाहिन्या कमी आल्या की बाजी ताईंची. त्यांची नोकरी, त्या नोकरीवरचा व्हिसा, सगळं त्या खालच्या ट्रेवर होतं. हे मला माहीत होतं — नीट लक्षात ठेवा, माहीत होतं.

त्याच आठवड्यात पाडवा आला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आम्हा मराठी लोकांचं छोटंसं मंडळ होतं आणि श्रीखंड शैलाकडे होतं. मार्च संपत आला तरी बाहेर बर्फ, घरात हीटिंगची काटकसर, दही काही लागेना. दोन वेळा दूध फुकट गेलं, शैला रडकुंडीला आली. मी म्हटलं, आण इकडे, बघतो. कुठे नेणार ते सांगितलं नाही.

कळलं ना, मी काय केलं ते?

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर विरजण लावलेलं मोठं पातेलं मी लॅबमध्ये नेलं. अंडी उबवायच्या इनक्युबेटरमध्ये कशी छान सारखी ऊब. पण पातेलं उंच, मावेना. म्हणून खालचा ट्रे काढला आणि कोपऱ्यातल्या जुन्या इनक्युबेटरमध्ये ठेवला. त्याचा पारा मनाला येईल तसा चढायचा, हे लॅबमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका रात्रीनं काय होतंय — असं म्हणालो मी. शनिवारी सकाळी गेलो तर दही सुरीनं कापावं असं घट्ट. आणि जुन्या इनक्युबेटरचं दार उघडलं तर आतली हवा हाताला कढत लागली. ट्रे जागेवर ठेवला, पातेलं फडक्यात बांधलं आणि घरी गेलो.

रविवारी पाडव्याला ताईही आल्या. एरवी त्या मंडळात यायच्या नाहीत, आडनाव विचारणाऱ्यांचा त्यांना कंटाळा होता. मीच आग्रह करून बोलावलं होतं. त्यांनी श्रीखंड चाखलं आणि डोळे मिटले. ‘‘एवढ्या थंडीत दही कसं लागलं रे बाप्पा?’’

‘‘ओव्हनमध्ये ठेवलं, ताई. नुसता आतला दिवा लावून.’’

हे मला त्या क्षणी सुचलं. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

सोमवारी ताईंनी अंडी उघडली. खालच्या ट्रेमधली पिल्लं मेलेली होती. बॉस म्हणाला, हे औषध विषारी आहे, पिल्लूच मेलं तर वाहिन्या कुठून येणार? विषय संपला. ताईंनी पुन्हा करून बघू द्या म्हणून विनवलं. ग्रँट संपत आली होती, तो नाही म्हणाला. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण लॅबमध्ये खायचं आणणं म्हणजे गुन्हा आणि माझाही व्हिसा त्याच बॉसच्या सहीवर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तो होता.

ताईंनी मात्र कुणालाच बोल लावला नाही. ‘‘मीच कुठंतरी चुकून राहिली,’’ म्हणत त्या औषधाचं माप परत परत तपासायच्या. अंडं हातात घेतल्यावर त्या थबकायला लागल्या — त्या! मंडळातला एकजण मला ट्रेनमध्ये ताईंबद्दल म्हणाला, ‘‘असंच असतं हो यांचं, उगाच पुढे आणतात.’’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दह्यापेक्षा हे मला जास्त छळतं.

उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपली. पुढे दुसऱ्या लोकांनी दुसरीकडे तेच दाखवलं — एन्झाइम वाट कुरतडतं, वाहिन्या येतात, गाठ पसरते. ताईंचं नाव कुठे नाही. आणखी काही वर्षांनी अशा औषधांनी रोग्यांची निराशा केल्याचं वाचलं, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. तेही सांगून टाकतो.

पण त्याआधी, दशक संपता संपता, आम्ही त्यांच्याकडे जेवलो होतो, नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला. कसाबसा दुसरा व्हिसा मिळवून त्या तिथल्या एका हॉस्पिटलात लोकांचं रक्त तपासायच्या. घर हसतं होतं, वरणभात, झुणका, मधोमध दह्याचं भांडं. ‘‘तुझीच युक्ती,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ओव्हनचा दिवा लावून. दर हिवाळ्यात मस्त लागते.’’ मग म्हणाल्या, ‘‘माधव, तू होता ना तिथं. माझं कुठं चुकलं असंल रे?’’

शैला माझ्याकडे बघत होती. ताई वाट बघत होत्या. दही खरोखर घट्ट लागलं होतं, म्हणजे त्या शुक्रवारी पातेलं घराबाहेर न्यायची गरजच नव्हती.

मी वाटी पुढे केली. त्यांनी आणखी दही वाढलं आणि मी ते खाल्लं.